अक्षत चकती

चकती दगडावर आपटली की झिजते, याविषयी वसईजवळच्या गोखिवऱ्यात कोणाचेच दुमत नव्हते. यात चूक चकतीची की दगडाची, हा प्रश्न मात्र तोवर कोणी विचारला नव्हता. तो परेश चुरींच्या अर्जामुळे उद्भवला. आणि एकदा उद्भवलेला प्रश्न वाढवल्याशिवाय न सोडणारे एक प्राधिकरण दुर्दैवाने जवळच होते.

परेश चुरी मूळचे उमेळ्याचे. घरच्या केळीच्या वाडीची इमारत झाली तेव्हा त्याच इमारतीत त्यांना घर मिळाले आणि खिडकीतून बघायला एक केळ शिल्लक राहिली. मुंबईत एका विमा कंपनीच्या 'दावे मंजुरी' विभागात ते दावे नाकारायचे काम करत. कोणाचा फ्रीज गेलेला असो, कोणाच्या गाडीचा गिअर, चुरी दिवसभर एकच शेरा लिहीत: 'नैसर्गिक झीज. दावा अमान्य.' या शेऱ्याच्या जोरावर ते विभागात बरेच वर चढले होते. घरीही पंखा कुरकुरू लागला की ते हेच म्हणत. त्यांची पत्नी सुमेधा शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणायची, "अहो, तुमच्याकडे बघून सह्याद्री कसा झिजला असेल ते मुलांना सोपं करून सांगता येतं."

या झिजत्या माणसाला खेळाचा नाद लावला तो ग्लेन तुस्कानोने. ग्लेन पाचूबंदरचा, चुरींचा कॉलेजातला मित्र. बरीच वर्षे मोठ्या बोटींवर स्वयंपाकी म्हणून फिरला आणि परत येताना कुठल्याशा लांबच्या बंदरातून पिशवीभर प्लास्टिकच्या चकत्या घेऊन आला. त्या टाकून खेळायचे काय, हे वसईत त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास गोखिवऱ्याच्या एका बंद दगडखाणीचे सुशोभीकरण झाले. ते केले उपनगरीय नवक्रीडा प्राधिकरणाने. कुठल्याशा योजनेतून प्राधिकरणाकडे उंच खांबांवरच्या लोखंडी टोपल्या आल्या होत्या. वर गोल कडे, कड्यातून लोंबणाऱ्या साखळ्या, खाली टोपली. प्राधिकरणाचे सहायक अभियंता रामनाथ गावडे यांनी त्या शोभिवंत कचरापेट्या असल्याचे प्रमाणित केले आणि खाणीत ठिकठिकाणी बसवल्या. नागरिकांनीही शिस्त दाखवून त्यांत वेफर्सच्या पिशव्या टाकल्या. एके दिवशी ग्लेन तिकडून जाताना थांबला आणि कपाळावर हात मारून ओरडला, "अरे देवा! ही तर डिस्क गोल्फची बास्केट हाय! यात कचरा कोन टाकतो?"

खेळ सोपा होता. लांबून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. मग पुढची टोपली. ही बातमी कळताच प्राधिकरणाने कचरापेट्यांचे उद्घाटन रद्द न करता त्यांचेच पुन्हा उद्घाटन केले. 'चक्रिका-क्षेपण क्रीडांगण' असा फलक लागला. लोक त्याला थाळीचे मैदान म्हणू लागले.

पहिल्या रविवारी ग्लेनने चुरींच्या हातात एक लाल चकती दिली. "जोर नको लावू. मनगट सोड आणि तिला जाऊ दे."

"कुठे?"

"ते ती बघेल."

चुरींनी ती सोडली. चकती हवेत तरंगली, वाऱ्याच्या झुळकेवर किंचित टेकली, आणि खणखणाट करत साखळ्यांत शिरली. दिवसभर 'अमान्य' लिहिणाऱ्या माणसाला इतक्या मोठ्या आवाजात कोणी 'मान्य' म्हणावे, ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. चुरी नाचले. खरोखर नाचले, ग्लेनने नंतर त्याचे प्रात्यक्षिक सुमेधाला करून दाखवले. तिने विचारले, "नक्की माझेच यजमान होते ना?"

पण खाण ती खाण. सगळीकडे धारदार खडी आणि उघडे कातळ. प्रत्येक चुकलेली फेक चकतीला ओरखडा देऊन जाई. काठाला टवके उडाले, त्यांचे काटे होऊन बोटांना टोचू लागले. ग्लेनने उपाय सांगितले: काटे पॉलिश पेपरने घासून काढायचे, वाकलेली चकती गरम पाण्यात बुडवून सरळ करायची, खडकाळ जागी उंच फेकायची नाही, जमिनीलगत सोडायची. चुरींनी सगळे केले. एका संध्याकाळी सुमेधाने गॅसवरच्या पातेल्याचे झाकण उचलले तर आत डाळीऐवजी लाल चकती शिजत होती.

"होऊ दे अजून थोडी," चुरी म्हणाले. "मऊ झाली की पोळपाटाखाली ठेवायची आहे."

"आणि जेवायचं काय? साखळ्या?"

तरी टवके वाढतच राहिले, तेव्हा चुरींनी अर्ज करायचे ठरवले. मागणी अगदी साधी: टोपल्यांभोवतीची सुटी खडी बाजूला करावी आणि थोडी माती टाकावी. ग्लेन म्हणाला, "परेश, अर्ज नको करू. आता कसं, त्यांना आपन दिसत नाय. अर्ज केला की दिसू." पण जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचलेल्या माणसाला एकदा तरी स्वतःचा लिहावासा वाटतोच. चुरींनी लिहिला.

गावडे पाहणीला आले. सोबत टेप, भिंग आणि छत्री. त्यांनी आधी दगड मापला, मग चकती.

"घटनेच्या वेळी हा दगड हलला होता का?"

"दगड कसा हलेल?"

"म्हणजे तो स्वतःच्या जागी होता. आणि तुमची चक्रिका?"

"ती उडत होती."

"उडत येऊन उभ्याला धडकायचं आणि तक्रार उभ्याविरुद्ध?" गावडेंनी भिंग दगडावर धरले. "हा लाल रंग कोणाचा?"

"चकतीचा. घासून लागला असेल."

"बघा. म्हणजे तक्रार दगडालाही करता आली असती. तो करत नाही, हा त्याचा मोठेपणा."

"साहेब, मी कोणाविरुद्ध तक्रार करत नाहीये. फक्त खडी जरा बाजूला करा."

"दगड उचलला की उत्खनन होतं. खाण बंद आहे, उत्खननाला मनाई. माती टाकली की भराव होतो. भरावालाही मनाई." गावडेंनी छत्री मिटली. "जमीन हलवता येत नाही, डोंगर हलवता येत नाही. हलणारी वस्तू एकच, तुमची चक्रिका. तेव्हा जे काय करायचं ते तिचंच."

आठवड्याभरात उत्तर आले. त्यावर एकच ओळ होती: 'नैसर्गिक झीज. तक्रार अमान्य.' चुरी ते बराच वेळ वाचत बसले. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. इतके बिनचूक वाक्य आपण रोज कोणाकोणाच्या घरी पाठवतो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसले. सुमेधाने चहा पुढे केला आणि त्या दिवसापुरता सह्याद्रीचा विषय टाळला.

गंमत अशी, की पुढच्याच रविवारी चुरींना अर्जाची गरज उरली नाही. मैदानावर एक अवघड टोपली होती. तिच्यासमोर गेंड्यासारखा मोठा खडक आडवा पडलेला. सरळ फेकले की खडकावर, वरून फेकले की पलीकडच्या खड्ड्यात. नवी चकती हट्टी असते, शेवटी डावीकडेच पडते. चुरींनी आपली टवके उडालेली लाल चकती फेकली. ती गेंड्याच्या डाव्या अंगाने गेली, मग लाजल्यासारखी उजवीकडे कलली, खडकाला वळसा घालून मागे नाहीशी झाली. पलीकडून खणखणाट ऐकू आला.

चुरी थक्क झाले. "ही अशी वळली कशी?"

"झिजली म्हनून," ग्लेन हसला. "नवी कधी वळनार नाय. झिजल्याशिवाय हे येत नाय, परेश. लोक अशा डिस्कला जपतात. माझी एक होती, बोटीवरून पान्यात गेली, आठ दिवस जेवन गोड लागलं नाय."

चुरी सोमवारी अर्धी रजा घेऊन प्राधिकरणात गेले. "अर्ज मागे घ्यायचाय. झीज झाली ते चांगलंच झालं."

गावडेंनी चष्म्यावरून पाहिले. "अमान्य झालेला अर्ज मागे कसा घेणार? तो आता तुमचा राहिला नाही. तक्रार अमान्य आहे. पण झीज मान्य झाली आहे. झीज मान्य झाली म्हणजे ती रोखणं आलं." आणि त्यांनी शेजारच्या दाराकडे बोट दाखवले. दारावर ताजी पाटी होती: 'झीज प्रतिबंध कक्ष'.

कक्षाच्या प्रमुख उन्नती सोनटक्के. वय कमी, उत्साह अफाट, आणि मनात कोणाविषयी तिळाएवढेही वाईट नाही. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण वाईट हेतूच्या माणसाला कधीतरी थांबवता येते. "सर, तुम्हीच ते!" त्या उभ्या राहिल्या. "तुमच्या चक्रिकेचा फोटो मी टेबलावर लावलाय. असं पुन्हा कोणत्याही चक्रिकेच्या बाबतीत होऊ देणार नाही."

पहिला उपाय म्हणून चकत्यांना लोकरीची कव्हरे आली. महिला बचत गटांनी ती सुंदर विणली होती, काठाला झालर होती. कव्हर घातलेली चकती फेकली की भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी पायाशी पडे.

"मॅडम, ही उडत नाही," चुरींनी सांगितले.

"झीज किती झाली?"

"झीज नाही झाली, पण—"

"मग यशस्वीच की, सर!"

मग दोरी आली. चकती जमिनीवर पडूच नये म्हणून ती मनगटाला रबरी दोरीने बांधायची. ती सुंदर उडे, दोरी संपेपर्यंत जाई आणि दुप्पट वेगाने परत येऊन फेकणाऱ्याच्या कपाळावर बसे. ग्लेन तर पाचूबंदरात टेंगूळ घेऊन फिरत होता. लोकांना वाटले, बायकोशी भांडला. म्हणजे झीज चकतीकडून नागरिकाकडे सरकली होती. परंतु नागरिकाची झीज मोजणे कक्षाच्या कार्यकक्षेत येत नसल्यामुळे झिजेचा आलेख एकदम खाली आला, आणि सोनटक्के मॅडमना उत्कृष्ट कामगिरीचे प्रशस्तिपत्र मिळाले.

प्रशस्तिपत्र मिळाले की माणूस मुळाशी जातो. मॅडमनी सखोल अभ्यास केला आणि एका सकाळी आनंदाने थरथरत गावडेंच्या केबिनमध्ये शिरल्या. "सर, सापडलं! ज्या चक्रिका फेकल्या गेल्या नाहीत, त्यांच्यात झीज शून्य आहे! मूळ कारण दगड नाहीच. मूळ कारण फेकणं आहे!"

गावडे खुर्चीतून अर्धवट उठले. "इतकं सोपं होतं?"

परिपत्रक निघाले. यापुढे चक्रिका फेकता येणार नव्हती. खेळाडूने ती दोन्ही हातांत धरून टोपलीपर्यंत चालत जायचे आणि साखळ्यांना धक्का न लावता अलगद आत ठेवायची. या क्रियेला 'फेक' न म्हणता 'सुपुर्दगी' म्हणायचे. साखळ्यांचाही आवाज नको, म्हणून त्यांना रेशमी गोंडे बांधण्यात आले.

चुरी आणि ग्लेन यांना वाटले, आता मैदान ओस पडणार. त्यांचा अंदाज साफ चुकला. मैदानावर मुंगी शिरायला जागा उरली नाही. पूर्वी जिथे दोघे-तिघे घाम गाळत, तिथे आता रांगा लागल्या. कारण प्रत्येक टोपली प्रत्येकाला पहिल्याच सुपुर्दगीत जमत होती. कोणी हरतच नव्हते. फुलपाड्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका आशालता सावे यांना डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. चालता चालता त्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या खेळाडू झाल्या. त्यांच्या मागून चालणारा अख्खा ज्येष्ठ नागरिक संघही झाला.

फुलपाड्यात क्लास निघाले: 'न फेकण्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण'. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळणार अशी कुजबुज झाली आणि पालकांनी चकत्या मखमली पेटीत घालून कपाटात कुलूपबंद केल्या. "आमच्या बाळाची वर्षभर पेटीतून बाहेरसुद्धा आली नाही," असे आया अभिमानाने सांगू लागल्या. दसऱ्याला चकतीवर झेंडू वाहिले गेले. लग्नात अहेर म्हणून चकती देताना लोक आवर्जून सांगत, "अजिबात वापरलेली नाही हं, आम्हालाही अशीच मिळाली होती."

"हा खेळ नाय," ग्लेन म्हणाला. "ही मिरवनूक हाय. देव तेवढा पालखीत ठेवायचा राहिला."

चुरींच्या लाल चकतीला फाटकावरच मनाई झाली. तिच्यावर 'अतिजीर्ण' असा शिक्का बसला होता. मग चुरी ती सदऱ्याखाली पोटावर बांधून आत नेऊ लागले. पहारेकरी काळजीने म्हणाला, "साहेब, पोट फार वाढलंय, जरा चालत जा." चालण्याचे तर ते मैदानच होते. आत गेल्यावर मात्र फेकायची सोय नव्हती. चकती काढली की आजूबाजूचे लोक तान्हे मूल पाण्यात टाकताना पाहिल्यासारखे किंचाळत. चुरी नुसतेच गेंड्यासमोर उभे राहत आणि पोटावर हात ठेवून परत येत. घरी सुमेधाच्या लक्षात आले, की नवऱ्याचे गुणगुणणे थांबले आहे. काही महिन्यांपूर्वी ते सुरू झाले होते हेही तिला तेव्हाच जाणवले.

डिसेंबरात 'अक्षत चकती चषक' जाहीर झाला. ज्याच्या चकतीवर भिंगातूनही ओरखडा दिसणार नाही, तो विजेता. सोबत आणखी एक सोहळा होता: जीर्ण चकत्यांचे सन्मानपूर्वक विलगीकरण. व्यासपीठावर चकत्यांचा चुरा करणारे एक यंत्र ठेवले जाणार होते आणि पहिला मान चुरींच्या चकतीचा होता. निमंत्रण द्यायला सोनटक्के मॅडम स्वतः उमेळ्याला आल्या.

"सर, तुमच्या चक्रिकेने फार सोसलं. आम्ही तिला शाल आणि श्रीफळ देणार आहोत. मगच यंत्रात."

"आणि नाही दिली तर?"

मॅडमचा चेहरा पडला. "तर मग जप्त करावी लागेल, सर. जप्तीत शाल नाही मिळत."

त्या गेल्यावर चुरी चकती मांडीवर घेऊन बसले. सुमेधा समोर येऊन बसली.

"देणार तुम्ही?"

"नियम आहे."

"नियम तुमच्याच अर्जातून निघालाय."

"म्हणून तर बोलता येत नाही."

सुमेधाने चकती हातात घेतली, काठावरून बोट फिरवले. "एकदा मला दाखवा हो, ही वळते कशी. नुसतं ऐकलंच आहे मी."

समारंभाच्या सकाळी खाणीत मंडप गच्च भरला. प्राधिकरणाचे संचालक प्रमुख पाहुणे होते. चषक मोठा होता आणि झिजू नये म्हणून प्लास्टिकच्या तीन आवरणांत गुंडाळलेला होता; विजेत्याला तो लांबून दाखवण्यात येणार होता. संचालक म्हणाले, "आज देशाला न झिजणाऱ्या तरुणांची गरज आहे!" टाळ्या झाल्या. टाळ्यांनी हात झिजतात, अशी आठवण सूत्रसंचालकाने करून दिल्यावर त्या थांबल्या.

मग चुरींना वर बोलावण्यात आले. सोनटक्के मॅडमनी लाल चकतीच्या काठावर शाल पांघरली, तिच्यावर नारळ ठेवला. "या चक्रिकेकडे पाहा," त्या माइकवरून गहिवरून म्हणाल्या, "आणि पुन्हा कोणत्याही चक्रिकेवर ही वेळ येऊ देऊ नका." गावडेंनी यंत्राचे बटण दाबले. यंत्र घरघरू लागले.

चुरींनी नारळ उचलून गावडेंच्या हातात दिला. शाल काढून मॅडमच्या खांद्यावर घातली. व्यासपीठावरून गेंडा नीट दिसत होता. पहिल्या रांगेत सुमेधा बसली होती. ती मोठ्याने काही बोलली नाही, पण तिचे ओठ हलले, आणि ते 'फेका' असे हलले.

चुरींनी मनगट सोडले.

लाल चकती संचालकांच्या डोक्यावरून गेली, मंडपाच्या झालरीखालून निघाली, गेंड्याच्या डावीकडे झेपावली, आणि आता गेलीच असे वाटत असताना तिने कूस बदलली. हजारभर माना तिच्याबरोबर उजवीकडे वळल्या. ती खडकामागे गेली. मग रेशमी गोंड्यांना न जुमानता साखळ्या खणखणल्या.

"दिसलं!" सुमेधा खुर्चीवर उभी राहून ओरडली. "अहो, दिसलं मला! वळली!"

मग आशालताबाईंनी आपली मखमली पेटी उघडली. चकतीकडे पाहिले, गेंड्याकडे पाहिले, पदर खोचला. "आयुष्यभर मुलांना फेकू नका, फेकू नका म्हणत आले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चकती भिरकावून दिली. ती खडकावर आपटली, टवका उडाला, आणि बाई पोरीसारख्या खिदळल्या.

मग धरबंध राहिला नाही. पेट्यांची कुलपे फुटली. लोकरीची कव्हरे हवेत उडाली. लाल, पिवळ्या, निळ्या चकत्यांनी खाण भरून गेली. त्या कातळावर आपटत, उसळत, एकमेकींना धडकत. ज्येष्ठ नागरिक संघ ओळीने फेकत होता. आया मुलांच्या हातून चकत्या हिसकावून स्वतः फेकत होत्या. ग्लेन "मनगट सोडा, मनगट!" असे ओरडत गर्दीतून धावत होता. संचालक चषक कवटाळून टेबलाखाली शिरले होते. गावडे नारळ हातात घेऊन सवयीने पंचगिरी करू लागले: "बाद! बाद! ही चांगली! ही फारच चांगली!"

एक पिवळी चकती येऊन सोनटक्के मॅडमच्या पायाशी पडली. त्यांनी ती उचलली. टवका बघून डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि फेकली. ती फार लांब गेली नाही. पण मॅडमनी खांद्यावरची शाल झेंड्यासारखी फिरवत "पुन्हा! मला अजून एक द्या!" असा टाहो फोडला, तो मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

सोमवारी चौकशी लागली.

गावडेंनी एकेकाला बोलावले. आशालताबाई म्हणाल्या, "माझी निसटली. वय झालं, पकड राहत नाही." ज्येष्ठ नागरिक संघाची संघशः निसटली. आयांच्या मुलांच्या हातून निसटल्या, मुलांच्या आयांच्या हातून. सोनटक्के मॅडमनी लिहून दिले, की जमिनीवर पडलेली चक्रिका सुरक्षित जागी ठेवत असताना ती निसटली, व सदर प्रसंगी निघालेला उद्गार वेदनेचा होता. संचालकांनी काहीच पाहिले नव्हते, कारण ते टेबलाखालची फरशी तपासत होते. गावडेंनी निष्कर्ष काढला, की सदर खाण हे निसटण-प्रवण क्षेत्र असून नागरिकांच्या तळव्यांची तातडीने तपासणी होणे गरजेचे आहे.

शेवटी चुरी आले.

"तुमचीही निसटलीच ना?" गावडेंनी लिहायला सुरुवातसुद्धा केली होती.

"नाही. फेकली."

गावडेंनी पेन खाली ठेवले. दार लोटून घेतले. "चुरीसाहेब, एक शब्द आहे हो. निसटली म्हणा. सगळे म्हणाले. घरी जा, रविवारी या, हातात धरून चाला."

"फेकली. आणि वळली. तुम्ही बघितलीत ना?"

गावडे खिडकीबाहेर पाहत राहिले. "काय सुंदर वळली," ते हळूच म्हणाले, आणि मग त्यांनी चुरींना मैदानात येण्यास कायमची बंदी घातली. फेकलेली एकच चक्रिका आढळल्यामुळे दोषीही एकच ठरला. बाकी सगळे बळी होते. त्यांना नव्या चकत्या आणि नव्या पेट्या मिळाल्या.

चुरी आता पाचूबंदरला जातात. तिथल्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालायच्या काठ्यांच्या पलीकडे, ग्लेनने नांगराच्या जुन्या साखळ्या एका कड्याला टांगून टोपली केली आहे. मधे बंधाऱ्याचे काळे दगड आहेत, त्यामुळे झीजही व्यवस्थित होते. सुमेधा शाळा सुटली की येते; तिची फेक अजून डावीकडे जाते, पण शिव्या आता सरळ येतात. कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहतात आणि नेम चुकला की नवऱ्यांना हसावे तशा हसतात.

हल्ली तिथे अनोळखी माणसेही येतात. गाडी लांब लावतात, बोंबील बघायला आल्यासारखे रेंगाळतात, मग हळूच विचारतात, "एकदा फेकून बघू का?" ग्लेन कोणाला नाही म्हणत नाही.

परवा संध्याकाळी तुम्हीही आला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली होती, तरी ओळखलेच. पहिली फेक चिखलात गेली, दुसरी दगडावर. तिसरी साखळ्यांवर बसली तेव्हा तुम्ही काय ओरडलात ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण इतके मोकळे हसताना तुम्हाला तुमच्या घरच्यांनीही पाहिले नसेल. मग कोणीतरी लांबून फोन उंचावला, फोटो काढायला. तुम्ही चटकन चकती ग्लेनच्या हातात कोंबलीत आणि जाता जाता चुरींच्या कानाशी लागलात: "झालं ते छानच झालं. फक्त माझं नाव कुठे घेऊ नका हं."

चुरींनी शब्द पाळला. म्हणून या गोष्टीत तुमचे नाव नाही.